इंदूच्या पत्रिकेतला बुध

इंदूच्या पत्रिकेतला बुध केसभरच आठव्या घरात होता, पण तेवढ्यावरून अख्ख्या देवासात तिचं लग्न अडलं. गणिताचे मास्तर असलेल्या दादानं नुकत्याच गाजलेल्या सापेक्षतेच्या जर्मन सिद्धान्तानं बुध नव्यानं मोजला. समीकरणं आवरेनात, तेव्हा सूर्याचं गुरुत्वाकर्षण दुबळं धरून त्यानं बारक्या संख्यांचे वर्ग सोडून दिले. बुध चक्क नवव्यात गेला! धारचे पाहुणे आले, पोहे झाले, मुलगी पसंत पडली. मुलाचे वडील दादाची हिशेबाची पाटी न्याहाळत म्हणाले, “मास्तर, एवढंसंच सोडलंत, तर लगेहाथ तेही धरा की.” दादाला नाही म्हणता येईना. त्यानं वर्ग धरले. बुध मुकाट्यानं आठव्यात परतला आणि पाहुणे टांग्यात बसले. “दादा, मी कधी जन्मायला हवं होतं रे?” इंदूनं विचारलं. दादानं प्रामाणिकपणे हिशेब केला. “अजून तीनशे वर्षांनी. कक्षा सरकत सरकत तेव्हा बुधाला नवव्यात आणेल.” “मग पोहे झाकून ठेवते,” इंदू म्हणाली.