उघडं फाटक

"तुझं जॅकेट घालते गं. माझं फारच कोरं दिसतंय," टेसा म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता तिने थोरल्या बहिणीचं, नोरीनचं, शेणाचे डाग पडलेलं जॅकेट अंगावर चढवलंसुद्धा.

निवडणुकीच्या प्रचारासाठी टीव्हीवरच्या जाहिरातीचं चित्रीकरण होतं. वायोमिंगमधून अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधिगृहात एकच जण निवडून जातो आणि यंदा टेसाची लढत अगदी अटीतटीची होती. म्हणून शहरात वकिली करणारी टेसा आज गुरं राखणार होती. रोज राखणारी नोरीन कॅमेऱ्यामागे अंग चोरून उभी होती.

व्हरांड्यात म्हातारे वडील फोनवर कोणाला तरी ओरडून सांगत होते, "रक्तातच आहे पोरीच्या!" त्यांना धड दिसत नव्हतं, तरी दिसत होती ती टेसाच. हिवाळाभर बर्फात अडलेल्या गाई सोडवणाऱ्या नोरीनच्या रक्ताची चौकशी त्यांनी कधी केली नव्हती. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

टेसाने गाडी आणली, उतरून कुरणाचं फाटक उघडलं, गाडी आत घातली आणि हसत हसत टेकडीकडे निघून गेली. फाटक तसंच उघडं.

नोरीनच्या ओठांवर आलेले शब्द तिथेच थांबले. बंद फाटक उघडलं तर मागे बंद करायचं, हे इकडच्या शेंबड्या पोरालाही सांगावं लागत नाही. घराघरात लोक हे बघतील, आणि मग टेसाचं भाषण कोण ऐकतंय? कॅमेरावाला मात्र बाहेरगावचा. तो खूश होता.

टेसा परत आली ती थेट नोरीनकडे. तिने तिला बाजूला घेतलं.

"हे सगळे पगारी लोक, माझ्या होला हो करणारे. तू खरं सांग. काही चुकलं का? पुन्हा करता येईल."

"काही नाही चुकलं," नोरीन म्हणाली. "जन्मभर हेच करत आल्यासारखी वाटलीस."

टेसाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने बहिणीला घट्ट मिठी मारली. "निवडून आले ना, तर तुझ्या जिवावर."

सगळे जेवायला आत गेले. नोरीन मागे राहिली. गुरं बाहेर पडायच्या आत तिने फाटक ओढून घेतलं, साखळी अडकवली आणि कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून एकदा घराकडे वळून बघितलं.