गुडघ्याखालची हातोडी

"पाय उडाला तरी लगेच खूश होऊ नका, वहिनी," डॉक्टरांनी दाराबाहेरच बजावलं होतं. "हातोडीचा निरोप मणक्यातूनच परत फिरतो. वर मेंदूत पोचला, तर ते स्वतःच सांगतील."

शालनने पदराने नवऱ्याचे डोळे झाकले. तो माडावरून पडल्याला महिना झाला होता. डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारली आणि इतके दिवस निपचित पडलेला पाय झटक्याने उडाला.

ऐकलेलं सगळं विसरून ती हरखली. आता बोलेल म्हणून त्याच्या ओठांकडे बघत राहिली. डॉक्टरांनी पुन्हा हातोडी मारली. पाय पुन्हा उडाला, पहिल्यापेक्षा जोरात.

तिने पदर तसाच त्याच्या डोळ्यांवर धरून ठेवला.

पदराखाली तो हसला. "डॉक्टर, किती वाट बघायला लावता? मारा की आता ती हातोडी."