नऊ घरांचं आडनाव

फोनवरचे निवृत्त मास्तर खुशीत होते. “डोर्नवेडलबाई, आपलं आडनाव दलदलीतल्या गिरणीवाल्याचं. अख्ख्या जर्मनीत नऊच घरं उरलीत. वंशवृक्षाची पुस्तिका छापून नऊही घरांना धाडली.” वीब्के हसली. “माझा पत्ता कुणी दिला?” “तुमच्या आत्यांनी. पुस्तिकेत सगळ्यांचेच पत्ते आहेत, म्हटलं भेटीगाठी होतील.” वीब्केनं घाईनं विचारलं, “ड्रेस्डेनलाही धाडली?” “हो तर. तिथले गृहस्थ मायेनं तुमचीच चौकशी करत होते.” ड्रेस्डेनच्या नवऱ्यानं लग्नात हौसेनं तिचंच आडनाव घेतलं होतं. घटस्फोटानंतरही सोडलं नव्हतं. त्याच्या मारहाणीला भिऊनच ती ब्रेमेनमध्ये लपली होती. फोन टाकून ती नावाची पट्टी काढायला खाली धावली. इमारतीच्या दारावर घरांचे नंबर नव्हते, घंट्यांशेजारी नुसती आडनावं. तिची पट्टी सकाळी पाव आणायला जाताना जागेवर होती. आता तिथं नखांनी खरवडलेला गोंद तेवढा उरला होता.