पडद्यावरची गार्गी

नंदनवन वस्तीतल्या माझ्या घरी शेजारची मुलं संगणक शिकायला येतात. सॉफ्टवेअरचा परवाना संपला, तेव्हा माझ्या मुलीनं, मेघानं, इंटरनेटवरून फुकटचा ॲक्टिव्हेटर उतरवून चालवला.

“हे कसं चालते, आजोबा?” त्या मुलांतल्या सात वर्षांच्या गार्गीनं विचारलं.

“खरी किल्ली टाकली की कंपनी ती तपासून होकार देते, बेटा. हा खोटाच होकार देतो. वरून म्हणतो, आधी अँटिव्हायरस बंद करा. काहून वं मेघा, पहारेकऱ्याले झोपवणारा पाहुणा भला असते का?”

“बाबा, सारे हेच करतात. तुम्ही उगाच तापून राहिले.”

तेवढ्यात कॅमेऱ्याचा दिवा आपोआप लागला. पडद्यावर खोलीतली मुलं दिसू लागली. तिथल्या गार्गीनं हात वर केला. क्षणभरानं माझ्याजवळच्या गार्गीनं केला. तिथली हसली, मग ही हसली.

“माझ्या लेकरांकडे पाहाची परवानगी तुले कोणं दिली?” मी ओरडलो आणि वायर उपटली. पडदा विझला नाही.

पडद्यावरची गार्गी बाकावरून उठली आणि चालत दिसेनाशी झाली. मी खऱ्या गार्गीचं मनगट घट्ट धरलं.

“सोडा ना, आजोबा,” ती शांतपणे म्हणाली, “मले जा लागते.”