सोफ्यावरची नदी

टेक्सासमधल्या अर्विंग गावातल्या आमच्या घरी पाहुणे आले की माझा नवरा श्रीरंग त्यांना आधी सोफ्याच्या वर लावलेल्या नदीच्या चित्रासमोर उभं करतो. "फ्रेंच पेंटर. म्युझियममधून प्रिंट आणलीय, पण क्वालिटी बघा, रंगाचा जाडपणा हाताला लागतो. बिचारा जिवंत होता तोवर घरच्यांना त्याची काही कदर नव्हती," हे सांगताना त्याचा आवाज दाटून येतो. माझ्याशी बोलताना तो आवाज कुठे जातो कोण जाणे.

काल एका काकूंनी विचारलं, "शैलजा, तूही पेंटिंग करतेस ना गं?"

मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "कसलं पेंटिंग, काकू. नुसता पसारा."

पाहुणे गेल्यावर तर तो भडकलाच. "गॅरेजभर टर्पेंटाइनचा वास, आणि माझी गाडी बाहेर उन्हात. उद्या तुझं एकूण एक चित्र या घरातून गेलेलं पाहिजे."

मी म्हटलं, "बरं."



त्याची ती प्रिंट जर्सी सिटीहून इथे येतानाच मूव्हर्सनी फाडली होती आणि तेव्हापासून त्या फ्रेममध्ये मी रंगवलेली नदी होती. म्हणून सकाळी सुरुवात मी सोफ्याच्या भिंतीपासून केली.