लग्न का लांबवायचे

अमेरिकेत एडिसन गावी मावशीच्या घरी सावनीचे दोन्ही हात मेंदीने भरले होते, म्हणून तिचा होणारा नवरा निहार तिला चमच्याने दहीवडा भरवत होता. राजस समोरच्या सोफ्यावर बसून पाहत होता. सावनीने आधी त्याचीच वाट पाहिली होती. पण "पीएचडी संपू दे, मग लग्नाचं बघू" म्हणत त्याने वर्षं घालवली. निहारने तिच्या कपाळावरची बट मागे सारली, तसा राजस आतल्या आत जळला. "तुझा रिसर्च कशावर आहे रे?" निहारने मोकळेपणी विचारलं. "व्हिक्टोरियन काळातल्या मँचेस्टरवर. लोक लग्न का लांबवायचे, मुलं कमी का होत गेली, ते." "मग कळलं, का लांबवायचे?" सावनी एकदम म्हणाली. "पगार पुरायचा नाही," राजस म्हणाला. "आणि?" "घाबरायचे बहुतेक." सावनी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग निहारकडे वळून तिने पुढच्या घासासाठी तोंड उघडलं.