रिकामा संच

हिरामणच्या नाकातून अजून टाकीतला वास गेला नव्हता, आणि श्रीपाद साहेब त्याच्या खाटेजवळ स्टूल ओढून जाणिवेचं गणित शिकवत होता.

श्रीपाद हा अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्या कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर. एमएस्सी, गणित. माणसाची जाणीव संचांत मांडणारा ग्रंथ तो कात्रपच्या फ्लॅटमध्ये बसून बारा वर्षं लिहीत होता. वाचला कुणीच नव्हता, बायकोनेसुद्धा. आज कंपनीच्या दवाखान्यात श्रोता सापडला, तोही आडवा पडलेला.

"जाणीव म्हणजे तुला कळलेल्या क्षणांचा संच," साहेब म्हणाला. "शेवटचं काय आठवतं?"

"टाकी धुवायला उतरत होतो. शिडीची चौथी पायरी."

"नंतर?"

"हा वरचा पंखा."

"मधे?"

"मधे काय नाय."

साहेबाचा चेहरा उजळला. जबाबाच्या कागदावर त्याने एक मोठं वर्तुळ काढलं. मधे काही नाही, म्हणजे हा रिकामा संच. म्हणजे चौथ्या पायरीला लागूनच पंखा. खंड पडलाच नाही, तर बेशुद्धी आली कुठून? तुझ्या जोडीदाराने, सदूने, उचलून आणलं म्हणतोस, पण ते सदूच्या डोक्यातलं. तो संच वेगळा. एवढी अक्कल पाजळून साहेबाने खालच्या ओळीवर बोट ठेवलं: 'मी पूर्ण वेळ शुद्धीत होतो.' इथे सही झाली की अपघात रजिस्टरात चढणार नव्हता, तपासणी होणार नव्हती, आणि उद्या सकाळी टाकी पुन्हा चालू. उतरायची पाळी सदूची.

हिरामणने दाराकडे पाहिलं. सदू चौकटीला टेकून खोकत होता. काडीसारखा माणूस. हिरामणचं असलं धूड त्याने शिडीवरून वर कसं ओढलं, त्याचं त्यालाच ठाऊक. दोन्ही गुडघे सोलून निघाले होते.

"साहेब, उद्या तुमी उतराल?"

"माझा प्रश्न इथे येतच नाही."

"ते म्हायतीय मला."

हिरामणने साहेबाच्या हातातून पेन घेतलं. चौथीत शाळा सुटलेला हात. कागद छातीवर धरून, दम खात, त्याने त्या वर्तुळाच्या बरोबर मधे दोन वाकडी अक्षरं काढली: सदू.

"मधे हा होता," तो म्हणाला, आणि कुशीवर वळला.

सहीची जागा कोरीच होती. साहेब खिशात रबर चाचपू लागला. पेन शाईचं होतं, आणि त्याचंच.